आधी गाडी, मग फ्रीज : मोडतोडीचा खर्च कोण भरतं?

(घरकाम आणि बाईची कमाई या विषयावर नाशिकला झालेल्या महिला मेळाव्यात, डबे करणाऱ्या आमच्या एका सभासद मैत्रिणीने केलेले हे भाषण. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन केले आहे. तिच्या इच्छेनुसार नाव दिलेले नाही.)

मैत्रिणींनो,

मला भाषण करायची सवय नाही. केंद्रातल्या ताई म्हणाल्या, "तू मागे बैठकीत तुझ्या फ्रीजची गोष्ट सांगितलीस ना, तीच इथे सांग." मला संकोच वाटला. इथे बसलेल्या कितीतरी जणी मारहाण सोसून, कोर्टाच्या पायऱ्या झिजवून आलेल्या आहेत. त्यांच्यासमोर मी काय सांगायचं, तर माझा फ्रीज बंद पडला आणि गाडी बंद पडली? पण ताई म्हणाल्या, "तुझ्या घरात कुणी कुणाला मारलं नाही, कुणी दारू पिऊन आलं नाही, म्हणूनच सांग. साध्या, बऱ्या घरात काय होतं ते कुणी सांगत नाही." म्हणून उभी राहिले आहे.

आम्ही सिडकोत राहतो. दोन खोल्या आणि वर गच्ची. नवरा अंबडच्या एका कारखान्यात होता. 2020 साली लॉकडाऊनमध्ये तो बंद झाला आणि पुन्हा उघडला नाही. हिशेबाचे जे पैसे मिळाले ते आणि वर कर्ज, असं करून त्याने 2021 साली एक जुनी गाडी घेतली. टूरिस्ट परवाना काढला. शिर्डी, त्र्यंबकेश्वर, वणीचा गड अशी भाडी तो मारतो. मी त्याच सुमारास डबे सुरू केले. आधी शेजारची चार मुलं होती, कंपनीत कामाला आलेली. पुढे बावीस डबे झाले. घरात सासूबाई, बारावीतली मुलगी आणि आयटीआयला जाणारा मुलगा.

एका रात्रीत तीन वस्तू

2023 च्या मे महिन्याच्या शेवटी वळवाचा पाऊस झाला. वारा इतका, की आमच्या गल्लीतल्या खांबावरची न्यूट्रलची तार तुटली. आपल्या घरात 230 व्होल्ट वीज यायला हवी. न्यूट्रल तुटला की काही घरांत ती साडेतीनशे-चारशेपर्यंत चढते आणि साधा फ्यूज किंवा एमसीबी ते थांबवू शकत नाही. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, नंतर वायरमनने समजावलं. आम्हाला एवढंच दिसलं की बल्ब एकदम पांढरा झाला, फुटला आणि जळका वास आला. फ्रीज गेला. टाकीवर पाणी चढवणारी मोटर गेली. मी रात्रीचं वाटण करत होते, हातातला मिक्सर गेला.

तिथून जी रांग लागली ती ऑगस्टपर्यंत. आकडे सांगते, कारण आकड्यांशिवाय ही गोष्ट म्हणजे नुसतं रडगाणं होईल. मोटरचं वाइंडिंग 2,600. मिक्सर 1,400. फ्रीजचा कॉम्प्रेसर आणि गॅस 6,800. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात गडाच्या घाटात गाडीचं इंजिन तापून बंद पडलं. हेड गॅस्केट गेलं होतं. भाविकांना दुसऱ्या गाडीत बसवून द्यावं लागलं आणि आमची गाडी ओढून आणावी लागली, त्याचे 3,500. गॅरेजचं बिल 38,000. गाडी अकरा दिवस उभी. जुलैत कपड्यांचं मशीन, 4,200. त्याच महिन्यात गच्ची गळायला लागली, स्वयंपाकघराच्या छतातून पाणी थेट ओट्यावर. वॉटरप्रूफिंगचे 14,000. ऑगस्टमध्ये गाडीचा स्टार्टर, 6,500. सगळं मिळून 77,000 रुपये. तीन महिन्यांत. आणि गाडीचा 9,500 चा हप्ता दर महिन्याला वेगळा.

सासूबाई म्हणाल्या, साडेसाती लागली. शेजारच्या वहिनींनी दारावर लिंबू-मिरची बांधायला सांगितलं. मीही बांधली, खोटं कशाला बोलू. पण साडेसाती जर सगळ्या घराला लागली होती, तर तिचं ओझं सगळ्यांच्या वाट्याला सारखं का आलं नाही, हा प्रश्न मला फार नंतर पडला.

"आधी गाडी" असं मीच म्हणाले

मोटर दुसऱ्याच दिवशी दुरुस्त केली, कारण पाण्याशिवाय घर चालत नाही. राहिले फ्रीज आणि मिक्सर. हाताशी पंधराएक हजार होते. नवरा म्हणाला, "गाडीचा विमा भरायचा आहे, टायर घासलेत. फ्रीज पुढच्या महिन्यात बघू." आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "बरोबर आहे, आधी गाडी. गाडीवर घर चालतं."

त्याने माझ्यावर जबरदस्ती केली नाही. भांडण झालं नाही. ते वाक्य माझ्याच तोंडून इतक्या सहज आलं, जशी मी ते पाठ करून बसले होते.

पुढे गाडीच बंद पडली, तेव्हा तर फ्रीजचं नाव काढायची सोय राहिली नाही. फ्रीज चौतीस दिवस बंद होता, मिक्सर वीस दिवस. बावीस डबे करणाऱ्या बाईला याचा अर्थ काय, ते तुमच्यातल्या डबेवाल्या मैत्रिणींना कळेल. भाजी आदल्या रात्री चिरून ठेवता येत नाही. कणीक मळून ठेवता येत नाही. खोबरं, दही, उरलेली आमटी, काही टिकत नाही. मी सहाच्या ऐवजी साडेचारला उठायला लागले. वाटण पाट्यावर. कांदा-खोबऱ्याचं बावीस माणसांचं वाटण पाट्यावर करून बघा, खांद्यातून हात निखळल्यासारखा होतो. सासूबाई म्हणत, "आमच्या वेळी कुठे होता मिक्सर?" खरं आहे. पण त्यांच्या वेळी डबा अकराच्या ठोक्याला कंपनीच्या गेटवर पोचवायचा नव्हता.

मुलगी सकाळी दूध आणि भाजी आणायला जाऊ लागली, कारण दोन्ही रोज ताजं आणावं लागे. मुलगा घरात झोपलेला असे. त्याला उठवावं असं माझ्या मनातही आलं नाही. तीन आठवड्यांनी मुलीच्या क्लासच्या बाईंचा फोन आला, की ही सकाळच्या तासाला येत नाही, काही अडचण आहे का? मुलीने मला सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणाली, "तू एकटी किती करशील, आई?" बारावीचं वर्ष होतं तिचं. आपण मुलींना शिकवतो म्हणतो, आणि घरात एक वस्तू मोडली की सगळ्यात आधी त्यांचाच तास मोडतो.

एक गंमत सांगते. मिक्सर अजून वॉरंटीत होता. मी घेऊन गेले कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात. काउंटरवरच्या मुलाने विचारलं, "घरी किती माणसं?" मी सरळ सांगून टाकलं की डबे करते. तो म्हणाला, "मग हा धंद्याचा वापर झाला. वॉरंटी फक्त घरगुती वापराला." विजेच्या झटक्याने जळलेला मिक्सर, पण त्याने नाकारला तो धंद्याच्या नावाखाली. 1,400 रुपये मोजावे लागले.

घरी येताना रस्त्यात माझ्या डोक्यात ते घोळत होतं. दुकानात माझा मिक्सर धंद्याचा ठरला, म्हणून पैसे द्या. घरात तो घरगुती ठरला, म्हणून थांबा. गाडी मात्र दोन्हीकडे धंद्याची. म्हणजे माझी हत्यारं जिथे तोटा होणार असेल तिथे धंद्याची, आणि जिथे पैसे काढायचे असतील तिथे घरातली.

माझं ओझं मी कुणाच्या डोक्यावर ठेवलं

आता जे सांगायचं आहे ते सांगायला जड जातं.

माझ्याकडे पोळ्या करायला एक मावशी येतात. पन्नाशीच्या आहेत, नवरा वारलेला. रोज सहाला येऊन नऊपर्यंत पोळ्या करून जायच्या. महिन्याला 5,500 द्यायचे. फ्रीज बंद पडला तेव्हा मी म्हटलं, "मावशी, थोडे दिवस पाचला या, कणीक सकाळीच मळावी लागते. आणि जरा पाट्याला हात लावा." त्या आल्या. काही बोलल्या नाहीत. पंधरा-सोळा दिवस झाले असतील, एक दिवस वाटण करता करता थांबल्या आणि म्हणाल्या, "ताई, फ्रीज तुमचा बंद पडला, तर झोप माझी का मोडायची?"

मला राग आला, आधी सांगते. वाटलं, मी इतकी अडचणीत आणि ही असं बोलते. पण त्या चुकीचं काय बोलल्या? नवऱ्याने माझ्यावर ढकललं, मी मावशींवर ढकललं. तो म्हणाला थोडे दिवस चालव, मी म्हटलं थोडे दिवस या. जादा तासाचा एक रुपया मी बोलले नव्हते. घरात मला जे मिळालं नाही म्हणून मी धुसफुसत होते, तेच मी दुसऱ्या बाईला नाकारत होते. आणि मावशींच्या घरी तर फ्रीजच नाही. आपल्याला जे संकट म्हणून चौतीस दिवस आलं, तो त्यांचा रोजचा संसार आहे.

मावशींचा मागचा हिशेब करून मी त्यांना पैसे दिले. आज त्यांचा पगार आणि वेळ दोन्ही ठरलेलं आहे, जादा वेळेचे वेगळे पैसे. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. त्यांनी तोंड उघडलं म्हणून झालं. आपल्या चळवळीत घरकामगार बायकांच्या मागण्यांवर आपण सह्या करतो. आपल्या स्वतःच्या ओट्याशी त्या मागण्या पोचतात का, एवढंच स्वतःला विचारायचं.

पाटल्यांची पावती

गाडीच्या बिलासाठी पैसे कुठून आणायचे? जे सगळ्या घरांत होतं ते झालं. माझ्या दोन पाटल्या, तीन तोळ्यांच्या, माहेरून आलेल्या. जूनच्या शेवटी त्या पतसंस्थेत ठेवून 80,000 काढले. हेही मीच सुचवलं. त्याने डोळे खाली घातले आणि "लवकर सोडवू" म्हणाला. त्याला वाईट वाटत होतं, हे मला दिसत होतं.

त्याच पैशांतून गॅरेजचं बिल दिलं आणि अखेर फ्रीजही दुरुस्त झाला. व्याज महिन्याला शेकडा एक, म्हणजे 800 रुपये. ते मी डब्यांच्या पैशांतून भरू लागले. चार महिने भरल्यावर एकदा पावती नीट वाचली. कर्ज नवऱ्याच्या नावावर, कारण पतसंस्थेचा सभासद तो. आणि खाली छापलेलं, की तारण ठेवलेले दागिने माझ्या स्वतःच्या मालकीचे आहेत. त्याखाली त्याची सही. कागदावर माझ्या आईने मला दिलेल्या पाटल्या त्याच्या मालकीच्या झाल्या होत्या. त्याने फसवलं नाही. छापील कागद होता, त्याने सही केली. मी शेजारच्या खुर्चीत बसले होते आणि मला कुणी काही विचारलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

त्या रात्री मी सासूबाईंना हे सांगितलं. वाटलं, त्या मुलाची बाजू घेतील. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "माझी बोरमाळ विहिरीवरच्या इंजिनात गेली." निफाड तालुक्यात त्यांचं शेत. यांच्या लहानपणी विहिरीवरचं ऑइल इंजिन फुटलं, दुरुस्तीला पैसे नाहीत, बोरमाळ गहाण पडली ती सुटलीच नाही. इंजिन चालू झालं, कांदा निघाला, पुढे आणखी जमीन घेतली. सातबाऱ्यावर नाव सासऱ्यांचं, मग मुलांचं. मी विचारलं, "तुम्ही कधी मागितली नाही?" तर म्हणाल्या, "कुणाकडे मागू? घराचंच होतं ना सगळं."

"घराचंच." मैत्रिणींनो, या एका शब्दात किती बायकांचं सोनं विरघळलं आहे! देताना ते घराचं असतं. दिल्यावर जे उभं राहतं, ते त्याचं असतं.

वही

मग मी वही घातली. आपल्या केंद्रातल्या बैठकीत नेहमी सांगतात, हिशेब लिहा. मी किराण्याचा लिहायची, बाकी नाही. या वेळी दोन पानं आखली. एका पानावर गाडी, एका पानावर डबे.

गाडी चांगल्या महिन्यात गॅस, टोल, किरकोळ खर्च जाऊन 25,000 देते. हप्ता 9,500. राहिले 15,500. त्यातून वर्षाचा विमा, परवाना, टायर वेगळे. डबे बावीस, महिन्याचे 3,000 प्रत्येकी, म्हणजे 66,000. त्यातून किराणा, भाजी, सिलिंडर, मावशींचा पगार गेला की साधारण तिसरा हिस्सा हातात राहतो. 22,000. मी तीनदा बेरीज केली. ज्या गाडीवर घर चालतं असं मी म्हणत होते, तिच्यापेक्षा माझ्या ओट्यावर घर जास्त चालत होतं.

मग फ्रीजचं गणित केलं. त्या चौतीस दिवसांत सात गिऱ्हाइकं गेली. दोघांची बदली झाली, ते मी फ्रीजवर घालत नाही. पण पाच जण जेवण उशिरा येतं, एकदा आमटी आंबली, म्हणून गेले. म्हणजे पहिल्याच महिन्यात हातात येणारे 5,000 कमी. फ्रीज चालू झाल्यावर त्यातले दोघे परत आले, तिघं नाही. पुढच्या महिन्यात आणखी 3,000 गेले. 6,800 रुपये वाचवण्यासाठी आम्ही दोन महिन्यांत 8,000 घालवले, आणि 6,800 शेवटी द्यावे लागलेच. माझे पहाटेचे तास, मुलीचा क्लास, मावशींची झोप हे तर वहीत कुठल्या रकान्यात लिहावं तेही मला कळेना.

ही वही मी नवऱ्यापुढे ठेवली. तो आधी म्हणाला, "चुकलं असेल कुठेतरी." त्याने स्वतः बेरीज केली. मग काही बोलला नाही. दोन दिवसांनी म्हणाला, "कारखाना गेल्यावर गाडीच माझी इज्जत होती, गं." मला त्याचा राग आला नाही. पुरुषाला शिकवलेलंच असतं की कमावणारा तू. बाईला शिकवलेलं असतं की तू हातभार लावतेस. 22,000 आणणारी मी हातभार लावत होते आणि 15,500 आणणारा तो घर चालवत होता, हे आम्ही दोघंही अगदी मनापासून मानत होतो.

हे माझ्या एकटीच्या घरातलं नाही. सरकारने 2019 साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातलं बिनपगारी काम ज्या बायका करतात त्या दिवसाला सरासरी 299 मिनिटं करतात, आणि जे पुरुष करतात ते 97 मिनिटं. त्यातही असं काम करणारे पुरुष शंभरात 26, बायका 81. घरातलं यंत्र बंद पडलं की ही मिनिटं वाढतात आणि ती बाईच्याच खात्यात वाढतात, हे सांगायला मला पाहणीची गरज नाही.

आणि रांधणं हा धंदा आहे, हे आधीच्या बायकांनी झगडून सिद्ध केलेलं आहे. मुंबईच्या गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायका गिरणी कामगारांना जेवू घालायच्या आणि स्वतः सावकाराच्या, वाण्याच्या कर्जात बुडालेल्या असायच्या. प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली त्यांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, बँकेचं कर्ज त्यांच्या स्वतःच्या नावावर मिळवून दिलं. तेव्हा बँकेला पटवावं लागलं की चुलीपुढची बाई ही उद्योग करणारी बाई आहे. इतक्या वर्षांनी मला ते माझ्याच घरात पटवावं लागलं, आणि त्याआधी माझं मलाच.

आपण काय करू शकतो

शेवटी, यातून मी जे शिकले ते तुमच्यापुढे ठेवते. सगळं सगळ्यांना लागू पडेल असं नाही.

एक, वस्तूंची यादी करा. घरातल्या कोणत्या वस्तूवर कुणाची कमाई चालते ते लिहा. शिलाई मशीन, मिक्सर, फ्रीज, ब्यूटी पार्लरची खुर्ची, पिठाची गिरणी. दुरुस्तीचा क्रम त्या यादीवरून ठरवा, सवयीवरून नको. ज्या महिन्यात खरोखरच गाडी आधी हवी असेल त्या महिन्यात ती आधी होऊ दे. पण ते हिशेब करून ठरलं पाहिजे.

दोन, आपल्या कामाची नोंद करा. छोट्या उद्योगाची 'उद्यम' नोंदणी फुकट होते, आधार लागतं. अन्नाचं काम असेल तर अन्नसुरक्षा कायद्याखालीही नोंदणी करावी लागते. कागदावर नाव आलं की बँकेत आणि घरात, दोन्हीकडे बोलायला बळ येतं.

तीन, दुरुस्तीला टाकताना अंदाजपत्रक लेखी घ्या, बदललेला जुना भाग परत मागा, पक्की पावती आपल्या नावाची घ्या. ग्राहक संरक्षण कायदा 2019 चा आहे. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला तो लागू नाही असं तोंडावर फेकतात. पण स्वयंरोजगारातून केवळ पोट भरण्यासाठी वस्तू वापरणारा माणूस त्या कायद्याने ग्राहकच आहे. माझा मिक्सरही त्यात येतो, हे मला तेव्हा माहीत असतं तर मी त्या काउंटरवरून परत फिरले नसते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला जिल्हा आयोगात फी नाही. 1915 या नंबरवर सल्ला मिळतो. वायरमनकडून जास्त व्होल्टेज आलं की लाइन तोडणारं यंत्रही बसवून घ्या. आम्ही सगळं जळल्यावर बसवलं.

चार, दागिना द्यायची वेळ आली तर द्या, पण उसना म्हणून द्या. चिठ्ठी करा. किती तोळे, कशासाठी, कधी सोडवणार, व्याज कोण भरणार. कर्ज आपल्या नावावर काढा, त्यासाठी पतसंस्थेचं सभासद व्हा. सर्वोच्च न्यायालयाने 1985 साली प्रतिभा राणी खटल्यात सांगितलं की स्त्रीधन हे पूर्णपणे बाईचं आहे. 2024 साली पुन्हा सांगितलं, की नवऱ्याचा त्यावर हक्क नाही. अडचणीत त्याने ते वापरलं तरी ते किंवा त्याची किंमत परत करण्याची नैतिक जबाबदारी त्याच्यावर आहे. आणि कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्यात आर्थिक छळही येतो. तो कायदा सगळ्या धर्मांच्या बायकांना आहे. मला नवऱ्यावर केस करायची नव्हती आणि नाही. पण कायदा काय म्हणतो ते घरात मोठ्याने वाचून दाखवायला केस करावी लागत नाही. मी सासूबाईंसमोर वाचून दाखवलं.

पाच, बचत गटांनी लग्न आणि आजारपणासारखं दुरुस्तीलाही कर्ज द्यावं. आमच्या गटात आता ते मिळतं. चार हजारांच्या मोटरसाठी चाळीस हजारांची पाटली पतसंस्थेत जाऊ नये.

आणि सहावी गोष्ट, मोडलेल्या वस्तूचं काम सगळ्यांनी वाटून घ्यावं. आमच्याकडे आता भाडं नसेल त्या दिवशी भाजी आणायला नवरा जातो. मुलगा वायरिंगचं शिकलाय, घरातली दुरुस्ती तो करतो, पण स्वतःचं ताट अजून सांगितल्याशिवाय उचलत नाही. मुलगी पास झाली, नर्सिंगला गेली. तिने तिच्या वस्तीगृहातून फोन करून विचारलं, "आई, फ्रीज चालू आहे ना?" तिच्या मनातून तो फ्रीज गेलेला नाही.

कर्ज मी माझ्या नावावर करून घेतलं. थोडी थोडी मुद्दल फेडून एक पाटली सोडवली आहे, ही बघा हातात आहे. दुसरी अजून पतसंस्थेत आहे. नवऱ्याने चिठ्ठीवर सही केली आहे की दुसरी सोडवायचे पैसे गाडीच्या पानावरून येतील. सही झाल्यावर सासूबाईंनी ती चिठ्ठी मागून घेतली. त्यांना वाचता येत नाही. नुसती हातात धरून बसल्या आणि म्हणाल्या, "असा कागद असतो होय?"

मैत्रिणींनो, घरी गेल्यावर सासूला, आईला विचारा, तुझा दागिना कशात गेला? जे उत्तर येईल ते लिहून पुढच्या बैठकीला आणा. आपल्या बायकांच्या पैशावर किती विहिरी, किती इंजिनं, किती गाड्या चालल्या त्याची यादी आपण सगळ्यांनी मिळून करू.

एवढं बोलून थांबते. अकराचा डबा आज मावशी सांभाळताहेत, त्यांना जादा वेळेचे पैसे ठरवून आले आहे. प्रश्न असतील तर विचारा.